पावसाळा कागदांचा, दिवाळीनंतर चिऱ्याचा: कोकणात वादळानंतर घरं उभारणाऱ्या मंडळांसाठी कामाचा क्रम

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याला लागलं. आठवड्याभरात आमच्या भागात पत्र्यांचे टेम्पो यायला लागले. आम्हीही दोन टेम्पो उतरवून घेतले आणि वर जाणाऱ्या पावसाळी ढगांकडे बघत जुन्याच वाशांवर पत्रे ठोकले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि त्यातले बरेच पत्रे शेजारच्या वाडीतून उचलून आणावे लागले. पत्रे चांगले होते. आमचा क्रम चुकला होता.

तेव्हापासून दर संकटानंतर तीच चूक नव्या मंडळांकडून होताना बघतोय. आधी सामान येतं, मग यादी होते, मग कागद शोधायची धावपळ आणि शेवटी कोणीतरी विचारतं की जागा नक्की कोणाच्या नावावर आहे. हा लेख गावातल्या मंडळांसाठी, मुंबईत राहून गावासाठी धडपडणाऱ्या चाकरमान्यांसाठी आणि पाच-पन्नास घरांची जबाबदारी घेणाऱ्या लहान संस्थांसाठी आहे.

आपल्याकडची बहुतेक वादळं आणि पूर मे ते जुलै या काळात येतात. चिरेखाणी (जांभा दगडाच्या खाणी) पावसात बंद असतात, त्यामुळे पक्कं बांधकाम दसऱ्याआधी सुरू होत नाही. मधले चार महिने हातावर हात ठेवून काढायचे नसतात. यादी, पंचनामा, संमती, पैशाचं गणित हे सगळं त्याच चार महिन्यांत उरकायचं असतं. ज्यांनी ते केलं त्यांची घरं मे महिन्यात शाकारून झाली. ज्यांनी नाही केलं ते फेब्रुवारीत तलाठ्याच्या दारात उभे होते.

टप्पा १: पहिले पंधरा दिवस – ताडपत्री, फोटो, पंचनामा

या दिवसांत कायमस्वरूपी काहीही बांधू नका. जाड ताडपत्री, सुतळी, बांबू, कोरडा शिधा आणि भिजलेले कागद वाळवायला एक कोरडी खोली, एवढंच द्या.

ढिगारा उचलण्याआधी फोटो. आमच्याकडची माणसं टापटिपीची. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खळं झाडून, फुटकी कौलं एका कोपऱ्यात रचून ठेवतात. पंचनाम्याला माणसं आली की त्यांना नुकसान दिसतच नाही. घराच्या चारही कोपऱ्यांतून बाहेरचे फोटो, प्रत्येक खोलीचा आतून एक, मोडलेल्या आढ्याचा आणि वाशांचा जवळून एक, आणि एका फोटोत कुटुंबातलं माणूस घर क्रमांकाच्या पट्टीसह उभं. मोबाइलमध्ये ठिकाण आणि तारीख उमटेल अशी सोय चालू ठेवा.

पंचनामा तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) करतात. त्यात एका शब्दावर सगळं अडतं: ‘अंशतः’ की ‘पूर्णतः’. राज्य आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे होते, नवे आले असतील तर ते बघा. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये. किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००. गोठ्याला वेगळे ३,०००, आणि गोठा पंचनाम्यात लिहून घ्यायचा हमखास राहतो. मोठ्या संकटानंतर राज्य सरकार वाढीव मदतीचा स्वतंत्र शासन निर्णय काढतं, तोही मिळवून वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आकड्यांवर घराचं अंदाजपत्रक करू नका.

मातीच्या भिंतींच्या घरात खरी गोम आहे. कौलं गेली, भिंती उभ्या, म्हणून ‘अंशतः’ लिहिलं जातं. पण तीन दिवस पावसात उघड्या पडलेल्या भिंतीचा पाया भिजून मऊ झालेला असतो आणि श्रावणात ती बसते. अशा घरासाठी पंचायत समितीच्या बांधकाम विभागातल्या शाखा अभियंत्याला बोलावून लेखी शेरा मागा, आणि पंचनाम्यावर हरकत असेल तर तहसीलदारांच्या नावे अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेली हरकत कोणाच्याही लक्षात राहत नाही.

इशारा: कोऱ्या पंचनाम्यावर सही किंवा अंगठा कोणालाही करू देऊ नका. ‘मागाहून भरतो’ असं म्हणणारा माणूस चांगला असला तरीही.

तपासा: घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, एका घरात वेगळ्या चुली असतील तर त्यांची नोंद, गोठा, आणि पंचनाम्याचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो.

टप्पा २: यादी – सभेत नव्हे, पायी

देवळाच्या सभामंडपात बैठक घेऊन यादी केली की पहिली दहा नावं मोठ्या आवाजाच्या माणसांची निघतात. रस्त्यापासून दूरची कातकरवाडी, धनगरवाडा, खाडीकडची चार घरं बैठकीला येतच नाहीत. म्हणून आधी दोघादोघांच्या जोड्या करून वाडीवाडीत फिरा. प्रत्येक जोडीत एक बाई हवीच. ‘रात्री झोपता कुठे?’ हा प्रश्न बाईने बाईला विचारला की खरं उत्तर मिळतं.

निकष चार-पाचच ठेवा: राहायला दुसरं छप्पर नाही, घरात एकटी बाई, वृद्ध किंवा अपंग माणूस आहे, कमावता हात नाही, घर पूर्ण पडलंय, आणि घर बारमाही राहतं आहे. शेवटचा निकष वादाचा. गणपती आणि शिमग्याला उघडणारं मुंबईकराचं घर पडलं तर वाईट वाटतंच, पण ते पहिल्या यादीत नको. मात्र त्याच घराच्या पडवीत राखणीला कोणी म्हातारी राहत असेल, तर ती पहिल्या यादीत.

यादी झाली की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठ दिवस लावा, हरकती लेखी घ्या, मगच पक्की करा. या आठ दिवसांत शिव्या खाव्या लागतात. आता खाल्लेल्या बऱ्या, पाया खणल्यावर खाण्यापेक्षा.

तपासा: कातकरी कुटुंब असेल तर त्याला पीएम-जनमन योजनेत घरासाठी दोन लाखांची मदत लागू होते का, ते आधी पंचायत समितीत विचारा. कातकरी आदिम जमातींत मोडतात. तिथे सरकारचे पैसे उभे राहत असतील, तर संस्थेचा निधी जागेच्या कागदांवर आणि वरच्या खर्चावर लावता येतो.

टप्पा ३: कागद – इथेच सगळे अडकतात

कोकणातल्या घराचा असेसमेंट उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) उघडला की त्यावर बहुतेक वेळा आजोबांचं नाव निघतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. पाच मुलगे, त्यातले दोन गेलेले, एक गावात, बाकीचे नालासोपाऱ्यापासून कल्याणपर्यंत. गावात राहणाऱ्याचं घर पडलंय, पण कागदावर घर सगळ्यांचं आहे.

प्रत्येक कुटुंबाची एक प्लास्टिकची पिशवी करा. त्यात आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, असेसमेंट उतारा, घरपट्टीची शेवटची पावती, सातबारा किंवा स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळालेली मिळकत पत्रिका, पंचनाम्याची प्रत. काही नसेल तर पिशवीवर लाल पेनाने तेवढंच लिहा: ‘पावती नाही’, ‘वारस नोंद बाकी’.

आता दोन कामं वेगळी करा. वारस नोंद हे लांबचं काम. त्याचा अर्ज तलाठ्याकडे देऊन पोच घ्या आणि त्यावर अडून बसू नका. जवळचं काम म्हणजे सगळ्या वारसांचं संमतीपत्र. ते साध्या मराठीत लिहा, वकिली भाषेने माणसं बिचकतात. त्यात पाच गोष्टी याव्यात: घर क्रमांक आणि मूळ मालकाचं नाव, सगळ्या वारसांची नावं, प्रत्यक्ष कोण राहतं, त्याने त्याच जोत्यावर घर बांधायला आणि सरकारी व संस्थेची मदत त्याच्या किंवा त्याच्या बायकोच्या खात्यात घ्यायला हरकत नाही, आणि ‘यामुळे घर-जागेतील आमच्या हिश्श्याला बाध येत नाही’.

हे शेवटचं वाक्य विसरू नका. आमच्या वाडीत एक थोरले दादा तीन महिने फोनवर ‘बघू’ म्हणत होते. धाकट्याची चार माणसं गोठ्यात राहत होती आणि यांचं ‘बघू’. गणपतीला ते आले. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा चढवून तो दोनदा वाचला आणि हळू आवाजात म्हणाले, ‘उद्या घर त्याच्याच नावावर लागलं तर?’ मी ते वाक्य बोटाने दाखवलं. ताटातल्या मोदकाला हात न लावता, मृदंगाच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. त्यांना भावाचा राग नव्हता, हक्क जाईल ही भीती होती. हे सगळं फोनवर कधीच बाहेर आलं नसतं.

म्हणून संमतीच्या सह्या गणपतीतच घ्या. सगळे वारस एका छपराखाली येतात ते वर्षातून तेव्हाच. शिमग्याला येतात खरे, पण तोवर बांधकाम अर्ध्यावर असायला हवं. कागद आधीच छापून ठेवा, साक्षीदार ठरवून ठेवा, आणि जमलं तर तालुक्याच्या नोटरीला त्या आठवड्यात एक दिवस गावात बोलवा. गौरीजेवणाचा दिवस सोडून.

समुद्रकाठच्या घरांचं वेगळं. कोळीवाडे आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच वाड्या किनारा नियमन क्षेत्रात येतात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर कमी वस्तीच्या भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही. दाट वस्तीच्या भागात हे अंतर ५० मीटर आहे, पण तिथला आराखडा मंजूर असेल तरच. खाडीकाठीही बंधनं आहेत. आधीपासूनच्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी जुन्या जोत्याच्या आत करता येते. म्हणजे ‘आता बांधतोच आहोत तर एक खोली वाढवू’ हे वाक्य समुद्रकाठी ऐकलं की तिथेच थांबवा. आधी जुन्या जोत्याची लांबी-रुंदी मोजून, फोटोसह, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने कागदावर आणा. जोतं उखडल्यावर ते किती मोठं होतं हे सिद्ध करता येत नाही.

इशारा: घरामागच्या डोंगराला भेगा पडल्या असतील, झाडं तिरकी झाली असतील, नवीन ठिकाणी झरे फुटले असतील, तर तिथे पुन्हा घर बांधायचा निर्णय मंडळाने घेऊ नये. महाड तालुक्यातलं तळिये २२ जुलै २०२१ ला आणि खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला दरडीखाली गेली. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून भूवैज्ञानिक पाहणी मागा. कुटुंब ‘आमचं आम्ही बघू’ म्हणालं तरी त्या जागेवर संस्थेचा पैसा लावू नका.

टप्पा ४: पैसे – कुठून, कोणाच्या खात्यात, केव्हा

प्रत्येक घराचा एक कागद करा आणि त्यावर चार रकाने: सरकारी नुकसानभरपाई, घरकुल योजना, कुटुंबाचं स्वतःचं, आणि उरेल ते संस्थेचं. चौथा रकाना शेवटी भरायचा. आम्ही पहिल्या वर्षी तोच पहिला भरला आणि काही घरांवर गरजेपेक्षा दुप्पट गेलं, काही कोरडीच राहिली.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. शौचालयाचे १२,००० वेगळे. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. रोजगार हमीची मजुरी जोडून मिळते का, ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

इशारा: ज्याचं घरकुल मंजुरीच्या वाटेवर आहे, त्याच्या जागेचा आणि जुन्या घराचा सरकारी फोटो होण्याआधी संस्थेने काम सुरू करू नये. पक्कं घर उभं दिसलं की नाव गळतं, आणि मग त्या कुटुंबाला मदत करून तुम्ही त्याचंच नुकसान केलेलं असतं.

देणग्यांबद्दल थोडं. मंडळ नोंदणीकृत हवं, आणि ८०-जी (देणगीवरच्या करसवलतीची मान्यता) असेल तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. दापोली, श्रीवर्धन, महाडकडचे पुष्कळ लोक आखातात असतात आणि संकटात सढळ हाताने पाठवतात. भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने परदेशी पासपोर्ट घेतलाय त्याची देणगी धरली जाते आणि त्याला एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी व दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. तशी नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेकडून तो पैसा तुमच्या मंडळाच्या खात्यात फिरवून घेणंही २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. त्या संस्थेने थेट खर्च करावा, तुम्ही घरं दाखवावीत.

सीएसआरवाल्यांशी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत बोला. त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आपलं ७ जूनला, मृग लागतो तेव्हा. एका दात्याच्या आग्रहाने आम्ही एकदा मार्च अखेरीस सगळा पैसा एका ठेकेदाराला दिला. बारा घरांची जोती झाली, सात घरांवर छप्पर आलं. उरलेल्या पाच कुटुंबांनी तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. प्रकल्प एका वर्षाहून लांबणारा आहे असं आधीच कागदावर ठरवून घेता येतं. फेब्रुवारीत सुचून उपयोग नाही.

पैसे ठेकेदाराला नव्हे, कुटुंबाला द्या, शक्यतो घरातल्या बाईच्या खात्यात. आणि चार हप्त्यांत: पहिला जोत्यासाठी, दुसरा जोतं झाल्यावर लिंटेलपर्यंतच्या (दार-खिडक्यांच्या माथ्यापर्यंतच्या) भिंतींसाठी, तिसरा छपरासाठी, चौथा संडास, दारं-खिडक्या आणि गिलाव्यासाठी. आधीच्या टप्प्याची पाहणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, मग समोर कोणीही असो. सिमेंट, सळई, पत्रे-कौलं हे मात्र सगळ्यांचं एकत्र घ्या. भाव आणि गाडीभाडं दोन्हींत फरक पडतो. गवंडी कोणता, दार कुठे, देवघर कुठे हे कुटुंब ठरवेल.

टप्पा ५: आराखडा – फक्कीने जमिनीवर

कागदावरचा नकाशा बहुतेकांना कळत नाही. जोत्यावर फक्की (चुन्याची पूड) टाकून खोल्या आखा आणि घरच्या बाईला त्यात चालायला सांगा. चूल, पाण्याची बादली, म्हाताऱ्यांची खाट कुठे येणार ते तिथेच कळतं.

स्लॅबचा हट्ट होणारच. पक्कं घर म्हणजे स्लॅब, ही समजूत घट्ट आहे. माझं मत असं की या पैशात स्लॅब घालायला गेलेलं घर अर्ध्यावर राहतं, आणि आपल्या पावसात चार वर्षांनी त्या स्लॅबवर पत्र्याची शेड चढते ती वेगळीच. त्यापेक्षा चिऱ्याच्या भिंती, तिन्ही ठिकाणी सिमेंटचा सळईबंद पट्टा (जोत्यावर, लिंटेलला आणि भिंतीच्या माथ्यावर) आणि वर कौलं किंवा पत्रे नीट बांधलेले.

छप्पर दोन पाख्यांऐवजी चार पाख्यांचं केलं तर वाऱ्याला तोंड द्यायला बरं. पागोळीचा भाग भिंतीच्या दीड फुटापेक्षा जास्त बाहेर नको. मग भिंती भिजतील, ही शंका रास्त आहे. त्यासाठी पडवी घ्या, पण पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडून एकसलग आणू नका. पडवीचे वासे वेगळे, मुख्य घराच्या खालच्या उंचीवर. वारा पडवीखाली शिरतो आणि तिला उचलतो. ती वेगळी असली तर तीच जाते, घर राहतं.

पुराच्या गावात, वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या काठी, जोतं वाढवून सगळा पूर टळत नाही. २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर असेल तिथून मापं घ्या आणि त्या खुणेच्या वर एक मजबूत माळा व त्याला पक्की शिडी काढा. कागद, धान्य आणि माणसं तिथे चढू शकली तरी पुष्कळ.

टप्पा ६: बांधकाम – दसरा ते मे

महिने असे लावा. दसरा ते दिवाळी चिरा, वाळू, सळई जागेवर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जोतं. जानेवारीअखेर लिंटेल आणि माथ्याचा पट्टा. फेब्रुवारी-मार्चमध्ये छप्पर. एप्रिलमध्ये संडास आणि गिलावा. मे महिना रिकामा ठेवा, तो आपोआप भरतो.

सिमेंटचं ओलं काम जानेवारीतच संपवायचं ते पाण्यासाठी. कातळावरच्या गावांत मार्चनंतर विहिरी तळ गाठतात. पिण्याचा हंडा डोक्यावरून आणणारी बाई भिंतीवर पाणी मारणार नाही, आणि तिने मारूही नये. पट्ट्याला किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस तरी पाणी हवं. शिवाय शिमग्याचे दिवस पालखीचे, तेव्हा गवंडी मिळत नाही. एप्रिलपासून गडी आंब्याला जातात.

साहित्याच्या तपासण्या, थोडक्यात. चिरा खाणीतून काढल्यावर काही आठवडे हवेवर राहू द्या, तो कडक होतो. दोन चिरे एकमेकांवर हापटून बघा. ठणठणीत आवाज यावा, पांढरट मातीच्या नसा दिसल्या तर परत पाठवा. लावण्याआधी चिरा भिजवा. खाडीची वाळू न धुता वापरू नका. चिमूटभर जिभेवर ठेवली तरी कळतं. मिळत असेल तर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या. किनाऱ्याच्या विहिरीचं मचूळ पाणी सळईच्या कामाला वर्ज्य. आणि सळईवर सिमेंटचं आवरण पाऊण इंच ठेवायची सवय समुद्रकाठी मोडा. खाऱ्या हवेत ते ४५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंच हवं. सळईखाली खडी सरकवून भागवू नका, सिमेंटच्या ठोकळ्या आधीच ओतून ठेवा.

छपराची बांधणी

इथे घाई करू नका. तौक्तेनंतर आमचे मिस्त्रीकाका एका उरलेल्या छपरावर चढले आणि वाशाचा खिळा नुसत्या बोटांनी ओढला. तो आला. सोबत गंजाची भुकटी त्यांच्या बाहीवर सांडली. ‘हा काय धरून होता रे?’ त्यांनी विचारलं. पत्रा वाशाला धरून होता, वासा भिंतीवर नुसता ठेवलेला होता.

छपराला साखळीसारखं बघा. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला, तुळई माथ्याच्या पट्ट्याला आणि पट्टा भिंतीला. एकही कडी नुसत्या वजनावर सोडायची नाही.

माथ्याचा पट्टा ओततानाच त्यात १२ मिलिमीटरचे आटे असलेले बोल्ट साधारण चार-चार फुटांवर उभे सोडा, कोपऱ्यांजवळ आणखी एक-एक. पट्टा ओतून झाला की बोल्ट बसवायची वेळ गेली. तुळई त्या बोल्टांत नटाने आवळायची. प्रत्येक वासा तुळईला लोखंडी पट्टीने दोन्ही बाजूंनी, किंवा जाड गॅल्व्हनाइज्ड तारेचे वेढे घालून बांधायचा. नुसता खिळा नाही. पत्र्याला जे-हुक वॉशरसकट, आणि कडांना म्हणजे पागोळीकडे, आढ्यावर आणि बाजूच्या कडेला ते दाट. वारा कडेपासून सोलायला सुरुवात करतो. कौलं असतील तर पागोळीकडच्या दोन ओळी आणि बाजूच्या कडा रिपेला तारेने बांधा, आढ्यावरचे कोने मसाल्यात बसवा.

इशारा: पत्र्यावर चिरे किंवा वाळूच्या पिशव्या ठेवायची पद्धत बंद करा. ते पत्रा धरत नाहीत आणि उडाले की डोक्यात पडतात.

तपासा: तिसऱ्या हप्त्याआधी पट्ट्यातले बोल्ट मोजा. छपराचं काम झाल्यावर मिस्त्रीला कोपऱ्यातल्या वाशाच्या टोकाला लोंबकळायला सांगा. आमचे मिस्त्रीकाका हे न सांगता करतात आणि वासा हलला तर स्वतःच्याच माणसांना ओरडतात.

टप्पा ७: घर झाल्यावर

इथे संस्था फोटो काढून निघून जातात आणि कुटुंबाचं खरं नुकसान इथे होतं. नवीन घराची असेसमेंटला नोंद करून घ्या, घरपट्टीची पहिली पावती त्या पिशवीत ठेवा, वीज मीटरचं नाव बघा, वारस नोंदीचा अर्ज कुठवर आलाय ते विचारा. पुढचं वादळ आलं की पंचनामा याच कागदांवर होणार.

घरावर झुकलेल्या नारळ, सुपारीचा आणि आंब्या-फणसाच्या फांद्यांचा निर्णय मे महिन्याआधी घ्या. निसर्गमध्ये कितीतरी घरं वाऱ्याने नव्हे, अंगावर पडलेल्या झाडांनी मोडली. माडाला हात लावायला कोणी तयार नसतं, तेव्हा निदान त्याचे सुके झाप आणि नारळ तरी उतरवा.

दात्याची पाटी लावायची तर लहान लावा आणि आधी घरच्यांना विचारा. एका आजींनी आमची पाटी काढून चुलीजवळच्या फडताळाला दार म्हणून बसवली. बरोबर बसली होती.

प्रत्येक घरात वीस जादा कौलं किंवा दोन जादा पत्रे, मूठभर जे-हुक आणि एक पाना ठेवा. मग जुलैमध्ये, भर पावसात, सगळ्या घरांची एक फेरी मारा. उन्हात केलेल्या पाहणीत गळती दिसत नाही. घरात शिरल्यावर छपराकडे न बघता आधी जमिनीकडे बघा: बादली किंवा टोप कुठे ठेवलाय, त्याच्या बरोबर वर काय चुकलंय ते वहीत लिहा, आणि पाऊस उघडला की त्याच मिस्त्रीला घेऊन परत या.